डिजिटल बोर्डवर खेळाचा पट कसा मांडावा?

खानदेशातल्या बहुतेक घरांत आज मुलांचा खेळ म्हणजे मोबाईल. घरात चार मुलं असतील तर चौघं चार कोपऱ्यांत, आपापल्या स्क्रीनमध्ये मान घालून बसलेली दिसतात. कोण काय खेळतंय, कुणाशी खेळतंय, हे अम्मी-अब्बूंना ठाऊक नसतं. दुसरीकडे शाळांच्या भिंतींवर मोठमोठे डिजिटल बोर्ड लागले आहेत. त्यांवर धडे दाखवतात, व्हिडिओ लावतात, आणि घंटा झाली की बोर्डवर कापड पडतं. त्याच बोर्डवर सारीपाटासारखा पट मांडून दहा-बारा मुलांना एकत्र खेळवता येतं, हे फार थोड्यांच्या लक्षात आलं आहे.

जगभर यासाठी खास सॉफ्टवेअर वापरतात. इंग्रजीत त्याला ‘व्हर्च्युअल टेबलटॉप’ म्हणतात. आपण त्याला ‘आभासी पट’ म्हणू. तो बोर्डवर कसा बसवायचा, त्यात काय ठेवायचं आणि काय अजिबात ठेवायचं नाही, हे वालिदैन आणि शिक्षक दोघांनाही उपयोगी पडेल अशा रीतीनं आम्ही इथे मांडत आहोत.

बोर्ड आहेत, खेळ नाही

आपल्या भागाला शाळेतल्या स्क्रीनची ओळख नवी नाही. मूळचे धुळ्याचे आणि अमेरिकेत बँकिंग क्षेत्रात काम केलेले हर्षल विभांडिक यांनी गावोगाव सभा घेऊन, लोकवर्गणीची जोड मिळवून धुळे जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या सुमारे ११०० शाळा डिजिटल करण्याचं काम उभं केलं. शेतमजुरांपासून दुकानदारांपर्यंत अनेकांनी त्यात आपला वाटा टाकला. पुढे २०१९ साली केंद्र सरकारनं ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ ही योजना जाहीर केली. आता जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत, मराठी आणि उर्दू माध्यमाच्या अनेक शाळांत, बोटानं चालणारे पॅनेल दिसतात.

लोकांच्या घामाच्या पैशातून आलेली वस्तू नुसती कापडाखाली राहू नये, हे तर आहेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलांना एकत्र खेळण्याची जागा हवी आहे. मोहल्ल्यातली मैदानं कमी झाली. सातवी-आठवीनंतर मुलींचं बाहेर खेळणं जवळजवळ थांबतंच. त्यांच्यासाठी वर्गातला हा बोर्ड म्हणजे मैत्रिणींसोबत हसण्याची, हरण्या-जिंकण्याची एक सुरक्षित जागा होऊ शकते.

पटाचं नातं जुनं आहे

बुद्धिबळाचा प्रवास आपल्या भूमीतून सुरू झाला. चतुरंग इराणात गेला, तिथून अरबांकडे पोहोचून ‘शतरंज’ झाला. नवव्या शतकातले अल-अदली आणि दहाव्या शतकातले अस-सूली हे बगदादच्या खिलाफतीतले नामांकित खेळाडू. त्यांनी या खेळावर पुस्तकं लिहिली. आपण आजही ‘शह’ आणि ‘मात’ हेच शब्द वापरतो. पचिसीचा पट फतेहपूर सिक्रीच्या फरशीवर आजही दाखवला जातो. तिचंच सोपं केलेलं रूप १८९६ साली इंग्लंडमध्ये ‘लुडो’ या नावानं आलं आणि फिरून आपल्याकडे परतलं.

सापशिडीची गोष्टही अशीच. महाराष्ट्रात ‘मोक्षपट’ या नावानं तिचे जुने पट सापडले आहेत. सूफी परंपरेतही ‘शतरंज अल-आरिफीन’ नावाचा शंभराच्या आसपास घरांचा पट होता. त्यात प्रत्येक घराला माणसाच्या एखाद्या गुणाचं, दोषाचं किंवा अवस्थेचं नाव असे. वाईट गुणावर आलात की खाली घसरायचं, चांगल्या गुणावर आलात की वर चढायचं. म्हणजे पट मांडून मुलांना काही शिकवावं ही कल्पना शाळेच्या डिजिटल बोर्डपेक्षा कितीतरी जुनी आहे.

आधी चौकट ठरवू या

सॉफ्टवेअर बसवण्याआधी घरात आणि शाळेत चौकट ठरायला हवी. सूरह अल-माइदाच्या ९० आणि ९१ या आयतींत दारू आणि जुगार यांना सैतानी काम म्हटलं आहे. त्यांतून आपसांत वैर वाढतं आणि माणूस अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून दूर जातो, हे कारणही तिथे सांगितलं आहे. कारण लक्षात ठेवलं की मोबाईलवरच्या खेळांकडे पाहण्याची नजर बदलते.

पैसे लावून खेळायची रमी, पैसे लावून खेळायचा लुडो, ‘पहिला डाव मोफत’ म्हणून हाक मारणारी अ‍ॅप, हे सगळं त्या आयतींच्या कक्षेत येतं. यामुळे किती घरं उद्ध्वस्त झाली हे आपण आजूबाजूला पाहतोच. पैशांच्या ऑनलाइन खेळांत देशातले सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी २० हजार कोटी रुपयांहून अधिक गमावतात, असा अंदाज केंद्र सरकारनंच दिला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवणं या कायद्यानं बंद केलं. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याची जाहिरात करणंही गुन्हा आहे.

फाशांचा प्रश्न वेगळा आहे. सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये ‘नर्दशीर’ या फाशांच्या खेळाची कडक निंदा आली आहे. म्हणून पैसे नसले तरी फाशांचा खेळ नको, असं बहुसंख्य उलमांचं मत आहे. शतरंजच्या बाबतीत मतभेद आहेत. हनफी उलमांचा कल मनाईकडे आहे, तर इमाम शाफिई यांच्याकडे अटींसह सवलत आढळते: पैज नको, नमाज चुकायला नको, तोंडी शिवीगाळ नको. आपल्या घरात कोणत्या मताप्रमाणे चालायचं हे जवळच्या आलिमांना विचारून ठरवावं. शाळेसाठी मात्र आम्ही सरळ नियम ठेवतो: पैसा नाही, बक्षिसाची पैज नाही, फासे नाहीत. सोंगटी पुढे सरकते ती उत्तरावर.

आभासी पट म्हणजे नेमकं काय?

मोबाईलवरचा लुडो हा तयार खेळ असतो. नियम, सोंगट्या, फासे, जाहिराती सगळं त्यात भरलेलं असतं. आभासी पटात यातलं काही नसतं. तिथे एक मोकळी जागा मिळते. खाली आपण आपलं चित्र अंथरायचं, वर सोंगट्या ठेवायच्या, नियम तोंडी सांगायचे. घरी पुठ्ठ्यावर पट आखून बटणांच्या सोंगट्या करतो, तसंच.

हे प्रकार मुळात १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या कथाखेळांसाठी बनले. त्या खेळांत जादूटोणा, राक्षस, देवदेवता यांची रेलचेल असते. सॉफ्टवेअरबरोबर तसली चित्रं नमुना म्हणून दिसू शकतात. ती वापरण्याची सक्ती नसते. शिक्षकांनी आधी स्वतः उघडून नको ते बाजूला करावं आणि मगच मुलांसमोर आणावं.

आपल्या उपयोगाचे पर्याय असे:

आऊलबेअर रोडिओ: ब्राउझरमध्ये चालतो, हलका आहे, शिकायला सोपा. खोली तयार करणाऱ्या शिक्षकाचं खातं लागतं, सामील होणाऱ्यांना खात्याची गरज पडत नाही. वर्गासाठी सुरुवात इथून करावी.

रोल-२०: २०१२ पासून चालू आहे. हाही ब्राउझरमध्ये चालतो. सोयी बऱ्याच आहेत, पण पडद्यावर बटणांची गर्दी फार.

फाउंड्री: एकदाच विकत घ्यावा लागतो, तोही फक्त चालवणाऱ्यानं. शाळेच्या संगणकावर बसवला की त्याच वायफायवरची बाकीची उपकरणं ब्राउझरमधून जोडता येतात. मात्र बोटानं नीट चालावा म्हणून त्यात वेगळी जोडणी घालावी लागते. संगणकाची चांगली जाण असणारे शिक्षक असतील तरच याच्या वाटेला जावं.

जीकॉम्प्री: हा आभासी पट नव्हे, तयार शैक्षणिक खेळांचा संच आहे. मोफत, जाहिरातींशिवाय, आणि एकदा बसवला की इंटरनेटविनाही चालतो. त्यात नवकंकरी, चेकर्स, बुद्धिबळ असे दोघांनी एकाच पडद्यावर खेळायचे पटखेळ आहेत. जिथे नेट येत-जात असतं, तिथे हा उत्तम.

मांडणी: पायरीपायरीनं

पहिली पायरी बोर्डची. त्याची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असावी. बोर्ड उंच टांगलेला असेल तर चौथीच्या मुलाचा हात वरच्या घरांपर्यंत पोहोचत नाही आणि खेळ उंच मुलांच्या ताब्यात जातो. पट म्हटलं की बोर्ड आडवा टेबलावर ठेवावा असं वाटतं. ते टाळावं. भिंतीसाठी बनवलेलं जड पॅनेल आडवं ठेवलं तर काचेवर भार येतो आणि हवा खेळती राहत नाही. कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असेल तरच तसं करावं.

दुसरी पायरी स्पर्शाची. अनेक पॅनेलच्या चौकटीत अदृश्य अवरक्त किरणांची जाळी असते. किरण अडला की बोर्डला वाटतं स्पर्श झाला. म्हणून ओढणीचं टोक, कुर्त्याची बाही काचेजवळ आली तरी सोंगटी उडी मारते. मुलांना बाही वर करायला आणि ओढणी आवरायला आधीच सांगावं. चौकटीच्या कडेला खडूची धूळ साचली असेल तर कोरड्या मऊ कापडानं पुसावी. निम्म्या तक्रारी एवढ्यानं मिटतात.

तिसरी पायरी ब्राउझरची. पॅनेलमध्ये अँड्रॉइड असतं, काहींत मागच्या खाचेत वेगळा संगणकही बसवलेला असतो. संगणक असेल तर तोच वापरावा. आतल्या अँड्रॉइडचा ब्राउझर जुना असेल तर पट अडखळतो. ब्राउझर अद्ययावत करून पट पूर्ण पडद्यावर उघडावा, म्हणजे इतर सूचना आणि जाहिराती मध्ये येत नाहीत.

चौथी पायरी चित्राची. पट कागदावर आखून फोटो काढा किंवा संगणकावर तयार करा. दहा बाय दहा घरांचा पट असेल तर चित्र १००० बाय १००० पिक्सेलचं घ्या, म्हणजे प्रत्येक घर १०० पिक्सेलचं होतं. सॉफ्टवेअरमधल्या जाळीचा आकारही १०० ठेवा. दोन्ही जुळले की सोंगटी आपोआप घराच्या मधोमध बसते. ७५ इंची बोर्डची उंची सुमारे ९३ सेंटिमीटर असते. त्यावर प्रत्येक घर नऊ सेंटिमीटरच्या आसपास येतं, लहान मुलाच्या बोटाला अगदी पुरेसं.

उर्दू माध्यमाच्या शिक्षकांसाठी एक खास सूचना. या सॉफ्टवेअरमध्ये उर्दू टाइप केली की बहुतेक वेळा अक्षरं तुटतात किंवा ओळ उलटी होते. मराठी जोडाक्षरंही कधी कधी फुटतात. म्हणून मजकूर तिथे टाइप करूच नये. घरांची नावं आधी चित्रातच लिहून घ्यावीत. हातानं सुंदर नस्तालीक लिहिणारी मुलगी वर्गात असतेच, पट तिच्याकडून लिहून घ्यावा.

पाचवी पायरी कुलपाची. खालचं चित्र ‘लॉक’ करा. नाहीतर सोंगटी ओढताना सगळा पटच सरकतो. सोंगट्या चार-पाच रंगांत, मोठ्या आणि साध्या ठेवा.

सहावी पायरी सुरक्षिततेची. खातं शिक्षकांच्या किंवा शाळेच्या नावानं असावं. मुलांची खरी नावं, फोटो, मोबाईल नंबर कुठेही टाकू नयेत. गप्पांची खिडकी बंद ठेवावी. खोलीचा दुवा वर्गाच्या ग्रुपवर टाकू नये, तो पुढे कुठे जाईल सांगता येत नाही. पटाचं चित्र पेन ड्राइव्हमध्ये आणि त्याची एक छापील प्रत कपाटात असावी. वीज गेली तर तीच प्रत जमिनीवर अंथरून खेळ पुढे चालू ठेवता येतो.

ज्या शाळेत फक्त प्रोजेक्टर आहे, तिथेही अडचण नाही. पटाच्या कडेला वर अ, ब, क, ड आणि बाजूला १, २, ३ असं लिहावं. एक मूल माऊस सांभाळतं, बाकीचे “ड-५ वर ने” असं सांगतात. खेळता खेळता आलेखातले निर्देशांक शिकून होतात.

एक पट: थाळनेर ते असीरगड

नमुन्यादाखल आपल्याच मुलखाचा एक पट सुचवतो. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं थाळनेर हे फारुकी सुलतानांचं पहिलं ठाणं. मलिक राजा फारुकी यांनी १३८२ साली इथून स्वतंत्र कारभार सुरू केला. त्यांच्या घराण्याच्या कबरी आजही थाळनेरला आहेत. त्यांचे पुत्र नसीर खान यांनी असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर वसवलं. १६०१ साली अकबराच्या फौजेनं असीरगड जिंकला आणि फारुकींची सत्ता संपली.

पटावर थाळनेर, धुळे, लळिंग, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, सावदा, रावेर, बुऱ्हाणपूर, असीरगड असा मार्ग आखावा. प्रत्येक दोन गावांमध्ये पाच-सहा घरं ठेवावीत. मुलांचे चार गट करावेत. गटाची पाळी आली की प्रश्नाची एक चिठ्ठी उचलायची. धुळे कोणत्या नदीच्या काठी आहे? जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन कोणत्या वर्षी मिळालं? जळगावजवळच्या असोद्याची कोणती कवयित्री साऱ्या महाराष्ट्राची झाली? उत्तरं अनुक्रमे पांझरा, २०१६ आणि बहिणाबाई चौधरी. उत्तर बरोबर आलं तर दोन घरं पुढे. ते का बरोबर हे गटातल्या दुसऱ्या मुलानं समजावून सांगितलं तर तीन घरं. चुकलं तर सोंगटी जागेवरच आणि प्रश्न पुढच्या गटाकडे.

‘समजावून सांगितलं तर तीन’ हा नियम आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. हुशार मुलगा एकट्यानं धावत सुटला तर त्याच्या गटाला दोनच घरं मिळतात. शेजारच्या अबोल मुलीला त्यानं नीट सांगितलं आणि ती बोलली, तर तीन मिळतात. मग सगळा गट तिला बोलतं करायला धडपडतो. वर्षभर हात वर न करणारी मुलं अशा खेळात उभी राहून उत्तर देताना आम्ही पाहिली आहेत. लेक्चर देऊन हे साधत नाही.

वाटेत तरबियतीची घरंही ठेवता येतात. ‘म्हाताऱ्या प्रवाशाचं ओझं उचललं, चार घरं पुढे.’ ‘पाण्याचा नळ उघडा सोडला, तीन घरं मागे.’ ‘शेजाऱ्याला डबा पोहोचवला, शिडी चढा.’ ही वाक्यं मुलांनाच लिहू द्यावीत. त्यांच्या घरात रोज काय चाललंय हे त्यांतून कळतं.

घरी हे कसं करायचं?

घरी मोठा बोर्ड नसतो, आणि नवीन घेण्याची काही गरज नाही. साधा टीव्ही बोटानं चालत नाही, पण मोबाईल किंवा लॅपटॉपची स्क्रीन त्यावर दाखवता येते. एकानं सोंगट्या सरकवायच्या, बाकीच्यांनी घर सांगायचं. दहा इंची टॅबलेट असेल तर तो सतरंजीवर मधोमध ठेवून भोवती बसावं. त्यावर शंभर घरांचा पट मांडू नये. घर सव्वा सेंटिमीटरचं होतं आणि अब्बूंच्या बोटाखाली तीन सोंगट्या जातात. सहा बाय सहाचा पट करावा. टॅबलेटचं इंटरनेट बंद करून जीकॉम्प्रीतली नवकंकरी लावली तर दादीही खेळायला बसेल. तिला नियम समजावण्याची गरज पडणार नाही, उलट तीच दोन युक्त्या शिकवेल.

वेळ ठरलेली असावी. मगरिबनंतर अभ्यास, इशाच्या नमाजनंतर अर्धा तास पट, आणि मग झोप. अजान झाली की डाव जागच्या जागी थांबेल, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं. सोंगट्या जिथे आहेत तिथेच जपून राहतात, ही आभासी पटाची मोठी सोय आहे. “डाव मोडेल” ही सबब उरत नाही.

स्क्रीन वाईट की चांगली, यावर घरोघरी वाद चालतात. आम्हाला वाटतं, पालकांनी त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: स्क्रीनभोवती किती माणसं बसली आहेत? खेळात पैसा आहे का? आणि अजान ऐकून मूल उठतं का? माणसं चार आहेत, पैसा नाही आणि मूल उठतं, तर तो खेळ घरात राहू द्यायला हरकत नाही. मूल एकटं आहे, पैसा गुंतला आहे आणि हाक मारूनही ते उठत नाही, तर तिथे वेळीच हात धरायला हवा. नुसता मोबाईल हिसकावून मात्र भागत नाही. त्याच्या जागी मुलाच्या हातात काय द्यायचं, हे आधी तयार असावं लागतं.

शाळेतला बोर्ड त्या कामी येऊ शकतो. पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: शनिवारी अर्धा तास हा बोर्ड मुलांच्या खेळासाठी मिळेल का? पट आखायला मुलं तयार आहेत, प्रश्न लिहायला शिक्षक आहेत, आणि बोर्ड भिंतीवर लागलेलाच आहे.